नदीकाठचा लाल उतार

नेस्टर पिलिपियुकच्या सेनेटरबद्दल कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेवढ्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या खुद्द नेस्टरने सांगितलेल्या आहेत. पण कुत्रं मोठं होतं, याबद्दल वाद नाही. पांढरं, केसाळ, दारातून आत आलं की घरातला उजेड कमी व्हायचा. जानेवारीत ते बसथांब्यावर बसलं की वाऱ्याने कावलेली माणसं हळूहळू सरकत त्याच्या आडोशाला येत, आणि बस आली तरी एखाददुसरा तिथेच रेंगाळायचा. एकदा त्याने अंग झाडलं, तर पलीकडच्या फुटपाथवरच्या बाईला आत ठेवलेलं बर्फाचं फावडं पुन्हा बाहेर काढावं लागलं. ही बाई कोण, ते विचारू नका. तिची सांगायची इच्छा नाही.

तर या सेनेटरला घेऊन नेस्टर रोज सकाळी नदीच्या वळणावरच्या मैदानात जायचा. मैदान म्हणायचं आपलं, नाहीतर एखादं खेडं आरामात वसेल एवढी जागा. वरून खाली उतार, मग झाडी, मग वाळू आणि पाणी. वर फाटकापाशी कुत्र्याचा पट्टा सोडायचा आणि बरोबर आपलं नावही सोडून द्यायचं. कारण तिथे नाव असतं ते कुत्र्याला. माणूस म्हणजे नुसता कुणाचा तरी बाबा, नाहीतर कुणाची तरी आई. वर्षानुवर्षं एकमेकांच्या घटस्फोटांची, गुडघ्यांची, सुनांची खडानखडा माहिती असलेली माणसं वाण्याच्या दुकानात समोरासमोर आली, तर नुसती हसतात आणि विचारतात, "पॉपकॉर्न कसा आहे?"

नेस्टर तिथे 'सेनेटरचे बाबा' होता, आणि त्या नावाला शोभेल असाच वागायचा. जन्मभर शाळेची बस चालवलेली. मागे न बघता मागच्यांना दम भरायची सवय काही निवृत्तीबरोबर जात नाही. कुणी ताज्या ढिगाकडे पाठ करून चालू लागला, की उतारावरून आवाज यायचा.

"अहो, निळी टोपी. काहीतरी विसरलात."

आणि मग प्रवचन. कुत्र्यामागे वाकून पिशवीत भरणं म्हणजे माणुसकी कशी, आणि न भरणारा म्हणजे उद्या शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकायलाही कमी न करणारा कसा. शेवटी ठरलेला विनोद. "एवढ्या थंडीत कटकट कसली करता? बांधली पिशवी की कोटाच्या खिशात टाका. घरी जाईपर्यंत हात शेकत जा. देवाने थंडी दिली, तशी शेगडीही दिलीय."

लोक हसायचे, आणि वाकायचे.

जुन्या पंचांगाच्या नाताळात, म्हणजे बाकीच्या गावाचा नाताळ उरकून झाडं कचऱ्यात गेल्यावर, नेस्टर मेव्हण्याचा फ्रीज उचलायला गेला. फ्रीज उचलला गेला. नेस्टरची कंबर तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी मैदानात सेनेटरने उतारावरच्या आपल्या ठरलेल्या जागी बैठक मारली. नेस्टर पिशवी घेऊन वाकला, आणि तसाच राहिला. काटकोनात. वर होता येईना, खाली जाता येईना. हिवाळ्यातलं उशिरा उजाडणं, अजून अंधार होता, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. सेनेटरला वाटलं, मालकाने नवा खेळ काढला. त्याने चाटून चाटून नेस्टरची दाढी ओली केली आणि ती जागच्या जागी गोठली. अखेर कुत्र्याने मफलर दातात धरून ओढला, तेव्हा नेस्टर कण्हत सरळ झाला. ढीग मात्र खालीच होता.

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि बुटाच्या टोकाने त्यावर बर्फ लोटला.

बर्फासारखं पोट कुणाचं नाही. काहीही द्या, पोटात घेतो आणि वरून पांढराच दिसतो. 'आजच्या दिवस,' असं नेस्टर मनाशी म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. आठवड्याभरात म्हणायचं सोडून दिलं.

त्याच सुमारास डॉक्टरने त्याचा रक्तदाब पाहून मान हलवली आणि म्हणाला, "बीट खा. भरपूर." हे त्याने नेस्टरला सांगितलं असतं तर चाललं असतं, पण शेजारी बायको बसली होती. स्लाव्काच्या माहेरी बीट हा देवाच्या खालोखाल. त्या दिवसापासून घरात उकडलेलं बीट, किसलेलं बीट, बिटाचं सार, सकाळ-संध्याकाळ. नेस्टरला लहानपणापासून बिटाचा वास आला की मळमळायचं; आणि ही गोष्ट एका बीट उगवणाऱ्याच्या मुलीपासून लपवून त्याने सबंध संसार केला होता. पण टेबलाखाली सेनेटर होता. सेनेटरला बीट इतकं आवडलं की स्लाव्काने कपाटातून किसणी काढली तरी त्याची लाळ जमिनीवर. वाडगा रिकामा व्हायचा, स्लाव्का खूश व्हायची. पुढच्या खेपेला डॉक्टरने दाब मोजला आणि म्हणाला, "आश्चर्य आहे, काहीच फरक नाही." सेनेटरचा मोजला असता, तर महिन्याच्या पिल्लाचा निघाला असता.

जानेवारी संपताना दोन गोष्टी घडल्या. पॉपकॉर्नची आई, जनावरांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसणारी ठसकेबाज बाई, उतारावर बर्फाखालच्या दगडावरून घसरली आणि माकडहाडावर बसली. तो दगड नव्हता. आणि त्याच आठवड्यात फाटकावर नगरपालिकेची पाटी लागली: घाण अशीच पडत राहिली, तर या उतारावर कुत्री मोकळी सोडता येणार नाहीत.

फाटकापाशी घोळका जमला. पॉपकॉर्नची आई उभीच होती, कारण तिला बसता येत नव्हतं.

"मोठ्या कुत्र्याचं आहे," ती म्हणाली. "मी त्यावरच बसलेय, मला नका सांगू. सेनेटरचे बाबा, तुम्ही रोज येता. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. कोण आहे हा मेला?"

सगळे नेस्टरकडे बघू लागले. बटरचा बाबाही बघत होता. टायरच्या दुकानात काम करणारा हा जवान गडी नेस्टरला गुरूच मानायचा. नेस्टरच्या कपाळावर, उणे तीस अंशांत, घाम आला. आणि नेमक्या त्याच वेळी उतारावरून ट्रॅक्टरची आई वर येत होती.

ट्रॅक्टर म्हणजे म्हातारा, करडा, घोड्याएवढा उंच कुत्रा. त्याची आई पिवळ्या कोटातली एक अबोल बाई. उजाडायच्या आत यायची, कुणाशी फारसं बोलायची नाही, लोक जमू लागले की निघायची. तिच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि ज्याच्याबद्दल काही ठाऊक नसतं त्याच्याबद्दल काहीही खरं वाटू शकतं.

"कोण, ते मी सांगत नाही," नेस्टर म्हणाला. "पण अंधारात कोण येतं, ते तुम्हाला दिसतंय."

त्याने बोटही केलं नाही. नुसती हनुवटी वळवली. सगळ्या माना तिकडे वळल्या.

ट्रॅक्टरची आई थांबली. काय चाललंय, ते तिला कळायला वेळ लागला. मग तिने कोटाच्या खिशातून बांधलेली पिशवी काढून दाखवली, शाळेत मुलं गृहपाठाची वही दाखवतात तशी.

"मी उचलते," ती म्हणाली.

"आजची उचललीत," नेस्टर म्हणाला. "कालची?"

बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. ती रागावली असती, भांडली असती, तर त्याने आवाज चढवून वेळ निभावली असती. पण ती मागे वळून उताराकडे बघत राहिली, खरोखरच आठवत असल्यासारखी. मग ट्रॅक्टरला पट्टा लावून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढेही आली नाही.

"पीडा गेली," पॉपकॉर्नची आई म्हणाली, आणि सगळ्यांना घरचे मफिन वाटले. नेस्टरने एक घेतला. खाल्ला नाही, टाकवेना म्हणून खिशात ठेवला. चार-पाच दिवस तो दात-ओठ आवळून वाकलाही. मग पुन्हा मोठा बर्फ पडला, कंबरेने पुन्हा हाक दिली, आणि बुटाचं टोक आपलं काम करू लागलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळतो. हे काही नवीन नाही, दरवर्षी वितळतो. तरी दरवर्षी लोक अशा चेहऱ्याने बघतात, जणू कुणीतरी त्यांचं कपाट उघडलंय. हरवलेले हातमोजे, चेंडू, एखादी कवळी, सगळं वर येतं. म्हणून एक शनिवार साफसफाईचा ठरलेला असतो. सगळे फावडी आणि बादल्या घेऊन येतात, आणि पुढारी अर्थात नेस्टर.

त्या शनिवारी तो फाटकापाशी पोचला, तेव्हा कुणीच काम करत नव्हतं. सगळे उताराच्या माथ्यावर उभे राहून खाली बघत होते.

उतार लाल झाला होता.

थोडाथोडका नव्हे. वरपासून खालपर्यंत बर्फातून लाल डाग फुटले होते आणि प्रत्येकातून गुलाबी ओघळ निघून खालच्या ओघळाला मिळत होता. मी असं ऐकलंय की पार खाली, दोन पुलांपलीकडे, एका मासे धरणाऱ्याने गुलाबी पाणी पाहून दारू सोडली. ते खरं असो-नसो, उतारावरच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे नक्की.

"रक्त आहे," पॉपकॉर्नची आई हळूच म्हणाली. दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसल्या बसल्या तिने बरंच पाहिलं होतं. "शीमधून रक्त. आणि केवढं. बिचाऱ्याच्या पोटात गाठ असणार."

"कुणाच्या?" बटरच्या बाबाने विचारलं. त्याने बटरला उचलून कवटाळलं होतं.

"मोठं कुत्रं आहे, हे दिसतंच आहे." तिने नेस्टरकडे पाहिलं. "सेनेटर बरा आहे ना हो?"

नेस्टरने पहिल्या क्षणीच ओळखलं होतं. तो रंग रोज दोन वेळा त्याच्या ताटात असायचा. हीच वेळ होती. दोन शब्द पुरले असते, लोक हसले असते, आयुष्यभर चिडवलं असतं, पण सुटला असता. त्याने तोंड उघडलंही.

"अगदी ठणठणीत," तो म्हणाला.

सेनेटर शेजारी शेपटी हलवत बसला होता. त्याच्यासारखं तकतकीत कुत्रं अख्ख्या प्रांतात नव्हतं.

"मग ट्रॅक्टर," पॉपकॉर्नची आई म्हणाली. "अरे देवा. तो आजारी होता. ती बिचारी अंधारात आजारी कुत्र्याला घेऊन यायची. एवढं सगळं तिच्याने उचलवलं नसेल. आणि आपण तिला हाकललं."

कुणीतरी म्हणालं, तो आता कुठला जिवंत असायला. बटरचा बाबा उघडपणे रडायला लागला. नेस्टरला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. पण एडमंटनची धरणी एप्रिलमध्ये हातभर खाली गोठलेलीच असते. ती कुणाला पोटात घेत नाही.

त्यांनी उतार साफ केला. सगळे मान खाली घालून, देवळात झाडावं तसे झाडत होते. नेस्टरच्या बादलीत त्याचीच करणी पडत होती आणि शेजारून लोक म्हणत होते, "सेनेटरचे बाबा, तुम्ही नका वाकू, तुमची कंबर. आम्ही करतो." ते ऐकण्यापेक्षा कंबर मोडलेली परवडली असती.

मग ठरलं की माफी मागायला जायचं. पण कुणाकडे? बाईचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. बटरच्या बाबाला आठवलं की बेकरीमागच्या हिरव्या घराच्या तळघराच्या खिडकीत त्याने एकदा करडं थोबाड पाहिलं होतं. रविवारी सकाळी जायचं. फुलं पॉपकॉर्नच्या आईकडे, गाडी बटरच्या बाबाची, आणि बोलायचं नेस्टरने.

"तुम्हालाच जमतं ते," बटरचा बाबा म्हणाला.

घरी नेस्टरने स्लाव्काला निम्मीच गोष्ट सांगितली. कुत्रं गेलेल्या बाईकडे जायचंय, एवढीच. स्लाव्काने डोळे पुसले.

"रिकाम्या हाताने दुःखाच्या घरी जातोस की काय?" ती म्हणाली, आणि रात्रीतच मोठं पातेलं चढवलं. सकाळी नेस्टर व्हॅनमध्ये बसला, तेव्हा त्याच्या मांडीवर झाकण बांधलेलं, गरम, काठोकाठ भरलेलं बिटाचं सार होतं.

व्हॅन प्रत्येक खड्ड्यात आदळली की झाकणाखालून एक लाल थेंब त्याच्या पँटवर यायचा.

"काय सुंदर वास येतोय," पॉपकॉर्नची आई म्हणाली. "तुमची बायको म्हणजे देवमाणूस."

"हो," नेस्टर म्हणाला.

हिरव्या घराच्या बाजूचं दार उघडलं ते झोपेने डोळे सुजलेल्या बाईने. अंगात गाऊन होता. पॉपकॉर्नच्या आईने काही बोलायच्या आत तिला मिठी मारली.

"आम्हाला कळलं."

"काय कळलं?"

"ट्रॅक्टरचं. आम्हाला माफ करा. तो आजारी होता, हे ठाऊक असतं तर..."

बाईच्या मागे जिना होता. जिन्यावरून टप, टप असा आवाज येत होता, एकेक पायरी, दोन पायऱ्यांमध्ये भलता वेळ. शेवटी बाईच्या काखेखालून एक करडं थोबाड बाहेर आलं आणि फुलांचा वास घेऊ लागलं.

बटरच्या बाबाने टोपी काढली होती, ती परत घातली.

"हा आजारी नाही," बाई म्हणाली. "म्हातारा आहे."

आत यावंच लागलं. तिचं नाव जॉर्जिना होतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी करायची, सकाळी सुटली की ट्रॅक्टरला मैदानात नेऊन मग झोपायची. तिने चहा टाकला. तळघरातली खोली लहान होती. चौघं दाटीवाटीने बसली. पातेलं ठेवायला जागा नव्हती, ते नेस्टरच्या मांडीवरच राहिलं. पॉपकॉर्नच्या आईने उताराची हकीकत सांगितली, रक्ताची, पोटातल्या गाठीची, रडारडीची.

"म्हणजे ते तुमच्या ट्रॅक्टरचं नव्हतंच," ती शेवटी म्हणाली.

"तसं मला छातीठोक सांगता येणार नाही," जॉर्जिना म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वाटायचं, मी उचलते. पण रात्रभर उभी असते मी. सकाळी मला कधीकधी घरी कशी आले, तेही आठवत नाही. अंधार असायचा." तिने नेस्टरकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, तोच तर घोटाळा होता. "यांनी विचारलं, कालची? आणि मला कालची आठवेना. हे रोज बघणारे, शिस्तीचे. हे म्हणतात म्हणजे असेल. मग मीच म्हटलं, आपल्याकडून होत नसेल तर जाऊ नये. लोकांना का त्रास?"

चहा निवत होता. नेस्टरच्या मांडीला पातेल्याचा चटका बसत होता आणि तो हलत नव्हता. सबंध आयुष्यात त्याने हजार थापा मारल्या होत्या, अस्वलाच्या, वादळाच्या, बर्फात अडकलेल्या बसच्या, आणि त्यातल्या एकीवरही कुणी विश्वास ठेवला नव्हता. ही एवढीशी थाप, शब्दसुद्धा नव्हे, नुसती हनुवटी. आणि ही बाई तीन महिने तिच्यावर विश्वास ठेवून बसली होती. स्वतःपेक्षा जास्त.

त्याने झाकणाची दोरी सोडली आणि झाकण उचललं.

"हे बघा रक्त," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. सगळी साराकडे बघत होती.

"हेच ते. बीट. मला आवडत नाही, मी सेनेटरला घालतो. रोज. उतारावरचं सगळं त्याचं आहे. कंबर धरली होती, मी वाकत नव्हतो. बर्फ लोटत होतो वरून." त्याचा बसमधला आवाज कुठे गेला होता, कोण जाणे, जेमतेम ऐकू येत होतं. "पहिल्यापासून मला माहीत होतं. त्या दिवशीही. तुमच्याकडे बघितलं तेव्हाही."

बटरच्या बाबाला हसू फुटलं. ते त्याच्या मनातलं नव्हतं, शिंक यावी तसं आलं, आणि मग कुणीच साथ दिली नाही म्हणून तो घाईघाईने चहा प्यायला आणि त्याची जीभ भाजली. नाही, चहा निवला होता. तरी भाजल्यासारखं त्याने केलं.

"माझं माकडहाड," पॉपकॉर्नची आई सावकाश म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला मफिन दिला होता."

"हो."

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. जॉर्जिना तेवढी जागची हलली नव्हती. ती साराकडे बघत होती.

"म्हणजे मी उचलत होते," ती म्हणाली.

"रोज," नेस्टर म्हणाला. "रोज उचलत होतात."

तिने मान हलवली, स्वतःशीच. मग ट्रॅक्टरच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्हाला माहितीय, याच्या जातीची कुत्री फार जगत नाहीत. हा जगला. गेल्या हिवाळ्यापर्यंत बर्फात पळायचा. विचित्र पळायचा, मागचे पाय एकीकडे, पुढचे एकीकडे, पण पळायचा. यंदा मी त्याला नुसती गल्लीत फिरवून आणायची. पट्ट्यावर. पळणं थांबलं, तसे त्याचे पाय धरले. आता जिना चढायला किती वेळ लागतो, ते पाहिलंत तुम्ही."

"मी काय करू?" नेस्टर म्हणाला. "सांगा. काय म्हणाल ते."

"त्याला काय करणार?" ती म्हणाली. कडवटपणे नाही; एखादी वस्तू दुकानात संपली आहे, असं सांगतात तसं. "तो हिवाळा गेला."

जॉर्जिना उठली, खुंटीवरचा पट्टा काढला आणि नेस्टरच्या हातात दिला. तो हातात घ्यायला त्याला पातेलं खाली, जमिनीवर ठेवावं लागलं.

"मला झोपायचंय. रात्री कामावर जायचंय. बाहेर ऊन आहे," ती म्हणाली. "त्याला नदीवर न्या. मी उठायच्या आत आणून सोडा."

व्हॅनमध्ये पॉपकॉर्नची आई पुढच्या सीटवर फोनमध्ये टाइप करत होती, आणि तिची बोटं बघता नेस्टरने ओळखलं की आपण पोचायच्या आत ही गोष्ट मैदानात पोचलेली असेल, आणि संध्याकाळपर्यंत स्लाव्काच्या स्वयंपाकघरातही.

तसंच झालं. फाटकातून तो ट्रॅक्टरला घेऊन आत शिरला, तेव्हा गप्पा थांबल्या. एकदोघांनी आपली कुत्री बोलावून दुसऱ्या वाटेला लावली. निळ्या टोपीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग जणू त्याचीच लाज वाटून नजर वळवली. उतारावरची ओली माती उघडी पडली होती. ट्रॅक्टर ती एकेक पाऊल टाकत उतरला, आणि नेस्टर त्याच्या मागून, त्याच चालीने.

खाली नदीत बर्फाच्या लाद्या वाहत होत्या. वाळूच्या कडेला पाणी उथळ होतं. पट्टा सोडल्यावर ट्रॅक्टर जरा थांबला, जणू कुणी परत बोलावतंय का ते बघत, आणि मग पाण्यात शिरला. घोट्यापर्यंत. तिथे उभा राहिला आणि समोरून जाणाऱ्या लाद्या बघू लागला. एक गेली, दुसरी गेली. तो हलेना.

बटरचा बाबा काठावर येऊन उभा राहिला होता. नेस्टरपासून थोडा लांब.

"गारठेल तो," तो म्हणाला. "हाक मारा ना."

निम्म्या शहराच्या पोरांना बसच्या आरशातून दटावलेला माणूस. त्याने ओठ उघडले. पण ते कुत्रं त्याचं नव्हतं, ते पाणी त्याचं नव्हतं, आणि ये म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

तो बुटांसकट पाण्यात गेला. पाणी आत शिरलं तसे पाय सुन्न झाले. तो ट्रॅक्टरच्या शेजारी जाऊन उभा राहिला, त्याला ओढायला नाही, नुसता. काठावरून लोक बघत होते. थोड्या वेळाने ट्रॅक्टरने एक मोठा श्वास सोडला आणि आपलं सगळं वजन नेस्टरच्या मांडीवर टाकलं. ही मोठी कुत्री दमली की अशी टेकतात, शेजारी जो असेल त्याला. त्या म्हाताऱ्याला काय ठाऊक, आपण कुणाला टेकलोय ते.